हेडफोनची पिन नक्की कोणती? बायोसच्या चुकीच्या नोंदी आणि लिनक्सचा ऑडिओ ड्रायव्हर

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, वायफाय चाललं, ब्लूटूथ चाललं, पण हेडफोन लावला तरी आवाज स्पीकरमधूनच. किंवा हेडसेटचा माइक सेटिंगच्या यादीत नावालाही नाही. किंवा लॅपटॉप चार स्पीकरचा, आवाज मात्र पातळ, चिरका, बेसचा पत्ता नाही. यावर मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरला पर्याय पुरवणाऱ्या) फाइलमध्ये मॉडेलसमोर अमुक नाव लिहा, नाही जमलं तर तमुक लिहा. तो अधूनमधून लागू पडतो, म्हणूनच टिकून आहे. पण या तिन्ही तक्रारींमागे बरेचदा एकच कारण असतं: कोडेकच्या, म्हणजे आवाजाच्या चिपच्या, कुठल्या पिनेला काय जोडलंय याची फर्मवेअरने, म्हणजे बायोसने, केलेली चुकीची नोंद. ती नोंद वाचता आली की अंदाजपंचे कारभार थांबतो.

इंटेलचं हाय डेफिनिशन ऑडिओ हे मानक २००४ साली आलं. त्यात कंट्रोलर चिपसेटमध्ये असतो आणि कोडेक ही मदरबोर्डवरची वेगळी चिप असते. लॅपटॉपमध्ये बहुधा रिअलटेकची. कोडेकच्या पोटात क्रमांक दिलेले नोड असतात: डॅक (डिजिटलचा अॅनालॉग आवाज करणारा), एडीसी (त्याच्या उलट), मिक्सर आणि पिना. कोडेक बनवणाऱ्याला हे माहीत नसतं की बोर्ड बनवणारा कुठल्या पिनेवर स्पीकर जोडणार आणि कुठली मोकळी सोडणार. म्हणून प्रत्येक पिनेजवळ ३२ बिटांचा एक रजिस्टर ठेवलाय, त्याचं नाव कॉन्फिगरेशन डिफॉल्ट. मशीन सुरू होताना बायोसने तो भरायचा आणि ड्रायव्हरने वाचायचा, असा करार.

या रजिस्टरमागे कुठलंही मोजमाप नाही. त्यात स्पीकर लिहिलं म्हणून तिथे स्पीकर असतोच असं नाही. विंडोजमध्ये निर्मात्याचा ड्रायव्हर त्या बोर्डापुरत्या सेटिंग्ज स्वतःसोबत आणू शकतो, त्यामुळे रजिस्टर चुकीचा असला तरी तिथे आवाज येतो आणि मशीन चाचणीतून पास होऊन बाहेर पडतं. चूक उघडी पडते ती फक्त रजिस्टरवर भिस्त ठेवणाऱ्या ड्रायव्हरसमोर.

आठ हेक्स अंक

एक सूचना आधी. आकडे, फाइलींची नावं आणि आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन अक्षरं वापरायची आणि हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाच्या, आकड्याआधी नेहमीचा शून्य-एक्स लावायचा.

समजा एका पिनेची नोंद आहे ९०१७०११०. पहिला अंक ९, म्हणजे बिट १००१. वरचे दोन बिट १० सांगतात की जोडणी पक्की आहे, जॅक नाही. खालचे दोन बिट ०१, म्हणजे वस्तू कॅबिनेटच्या आत. दुसरा अंक ०, नेमकी जागा दिलेली नाही. तिसरा १, उपकरण स्पीकर. चौथा ७, अन्य प्रकारची अॅनालॉग जोडणी. पाचवा ०, रंग अज्ञात. सहावा १, या पिनेवर प्लग लागला की नाही हे कळायची सोय नाही. सातवा १ हा गटाचा क्रमांक, आठवा ० हा गटातला क्रम. थोडक्यात, लॅपटॉपचा आतला स्पीकर.

तिसरा अंक सगळ्यात कामाचा. ० लाइन आउट, १ स्पीकर, २ हेडफोन, ४ डिजिटल आउट, ८ लाइन इन, ए माइक. पहिल्या अंकाचे वरचे दोन बिट ०० असतील तर जॅक, ०१ असतील तर काहीच जोडलेलं नाही. म्हणून ४१११११एफ० ही नोंद दिसली की पिन मोकळी समजायची. गंमत म्हणजे याच आकड्याचे बाकीचे अंक वाचले तर मागच्या बाजूचा, काळ्या रंगाचा, साडेतीन मिलिमीटर जॅकचा स्पीकर असं वर्णन निघतं. पहिल्या दोन बिटांनी नाही म्हटल्यावर पुढचं वाचायचंच नसतं.

आतला डिजिटल माइक बरेचदा ९०ए६०१३० असा दिसतो, डाव्या बाजूचा हेडफोन जॅक ०३२११०२० असा. या दोन्ही फोडून बघा, हात बसेल.

चुकीच्या नोंदीचे परिणाम नाव चुकण्यापुरते राहत नाहीत. हेडफोनची पिन २ ऐवजी ० अशी नोंदली असेल तर ड्रायव्हर तिचा हेडफोन अॅम्प्लिफायर चालू करत नाही. पिनेचा कंट्रोल सी० हवा तिथे ४० राहतो आणि आवाज दबका येतो. माइकला ए ऐवजी ८ लिहिलं तर ड्रायव्हर ती पिन लाइन इन समजतो, माइकला लागणारा बायस व्होल्टेज देत नाही आणि इलेक्ट्रेट माइक मुका राहतो. लोक मग मिक्सरमध्ये बूस्ट वाढवत बसतात आणि नुसती खरखर वाढते.

आधी पुरावा गोळा करा

प्रॉक फाइलप्रणालीत असाउंड फोल्डरच्या आत कार्ड० आणि त्यात कोडेक#० अशी फाइल असते. कोडेकचं नाव, व्हेंडर आयडी (चिपची ओळख), सबसिस्टम आयडी (मशीनच्या मॉडेलची ओळख) आणि प्रत्येक नोड तिथे मिळतो. मात्र या फाइलमध्ये पिन डिफॉल्ट म्हणून जे दिसतं ते थेट कोडेकच्या रजिस्टरमधलं असतं, ड्रायव्हरने केलेली दुरुस्ती त्यात दिसत नाही. कोणी काय नोंदलं ते वेगवेगळं बघायचं तर सिस, क्लास, साउंड या वाटेने एचडब्ल्यूसी०डी० मध्ये जा. तिथे तीन फाइली महत्त्वाच्या: इनिट_पिन_कॉन्फिग्ज ही बायोसची नोंद, ड्रायव्हर_पिन_कॉन्फिग्ज ही कर्नलने बदललेली आणि युजर_पिन_कॉन्फिग्ज ही तुम्ही बदललेली. मान याच्या उलट क्रमाने: युजरची नोंद सर्वांत वर, मग ड्रायव्हरची, सगळ्यात खाली बायोसची. ड्रायव्हरच्या फाइलीत फक्त बदललेल्या पिना असतात; ती रिकामी नसेल तर तुमच्या मॉडेलला कर्नलमध्ये आधीच काहीतरी मलमपट्टी झालेली आहे.

मग कर्नल लॉगमध्ये ऑटोकॉन्फिग या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. लाइन_आउट्स किती, स्पीकर_आउट्स किती, एचपी_आउट्स किती आणि इनपुटमध्ये कोण, हे तिथे पिन क्रमांकांसह छापलेलं असतं. लॅपटॉपला जॅक आहे आणि एचपी_आउट्स शून्य, तर चोर सापडलाच म्हणा.

आता हार्डवेअर स्वतः काय सांगतं ते. कोडेक#० मध्ये प्रत्येक पिनेखाली पिनकॅप अशी ओळ असते. ही क्षमता सिलिकॉनमध्ये कोरलेली आहे, बायोसला ती बदलता येत नाही, म्हणून ती साक्ष भरवशाची. पिनकॅपमध्ये इन नसेल तर त्या पिनेचा माइक होणं नाही, नोंद काहीही करा. डिटेक्ट नसेल तर प्लग ओळखायची आशा सोडा.

आणि सगळ्यात उपयोगी चाचणी, जी फार थोडे लोक करतात: पिन सेन्स. अल्सा-टूल्स (अल्सा म्हणजे कर्नलची आवाजाची यंत्रणा) पॅकेजमधली एचडीए-व्हर्ब ही आज्ञा घ्या, तिला एचडब्ल्यूसी०डी० हे डिव्हाइस, पिनेचा क्रमांक, गेट_पिन_सेन्स हे क्रियापद आणि शेवटी ० द्या. उत्तर ८००००००० आलं तर त्या पिनेवर प्लग आहे, ० आलं तर नाही. हेडफोन काढून सगळ्या पिनांवर ही आज्ञा चालवा, मग लावून पुन्हा चालवा. जिचं उत्तर बदललं ती तुमची हेडफोनची पिन, बायोस काहीही म्हणो. रिअलटेकच्या लॅपटॉप कोडेकमध्ये ती बरेचदा १५ किंवा २१ असते (हेक्समध्येच), स्पीकर १४ किंवा १७ वर, हेडसेटचा माइक १८, १९ किंवा १ए वर आणि आतला डिजिटल माइक १२ वर. हा फक्त अंदाज बांधायला, पुरावा म्हणून नाही.

एका पिनेला मात्र हात लावू नका. रिअलटेकच्या अनेक कोडेकमध्ये १डी या पिनेच्या नोंदीत कुठल्याच जॅकचं वर्णन नसतं. बायोस तिथे ड्रायव्हरसाठी खास सूचना भरून ठेवतं, आत चेकसमसुद्धा असतो. पिनांच्या यादीत ती विचित्र दिसते म्हणून ती दुरुस्त करायचा मोह होतो. होऊ द्या, पण हात आवरा.

तात्पुरता बदल, मग कायमचा

समजा कॉम्बो जॅक आहे, म्हणजे एकाच भोकात हेडफोन आणि माइक. हेडफोन चालतो, माइक दिसत नाही आणि १९ क्रमांकाची पिन मोकळी नोंदलेली आहे. तिची पिनकॅप इन म्हणते. या पिनेला द्यायची नोंद ०१ए१९१३सी. कर्नलमध्ये हीच नोंद कितीतरी लॅपटॉपांना लावलेली आहे. फोडून बघू: ०१ म्हणजे बाहेरचा जॅक, ए माइक, १ साडेतीन मिलिमीटर, ९ गुलाबी. पुढचा १ महत्त्वाचा: या पिनेला स्वतःचा प्लग ओळखायचा स्विच नाही. तो बिट ० ठेवलात तर ड्रायव्हर त्या पिनेवर प्लगची वाट बघत राहतो, तो कधीच येत नाही आणि पाइपवायर (आवाजाची वाटणी करणारा प्रोग्राम) माइकला अनुपलब्ध मानून बाजूला टाकतो. ३ हा गट. शेवटचा सी हा रिअलटेक ड्रायव्हरचा संकेत: या क्रमाचा माइक तो हेडसेटचा माइक मानतो. डी असेल तर हेडफोनच्या भोकात लावायचा सुटा माइक.

बदल करून बघायचा तर आधी पाइपवायर, वायरप्लंबर आणि त्यांची सॉकेट्स सिस्टमसीटीएलने युजर पातळीवर थांबवा. नाहीतर कार्ड वापरात असल्याचं सांगून कर्नल नकार देतो; सगळं बरोबर लिहूनही काम झालं नाही की पहिला संशय इथे घ्यायचा. मग रूट होऊन युजर_पिन_कॉन्फिग्ज या फाइलमध्ये पिनेचा क्रमांक आणि नोंद एका ओळीत लिहा, आणि रीकॉन्फिग या फाइलमध्ये १ लिहा. ड्रायव्हर कोडेक नव्याने वाचतो, मिक्सर नव्याने बांधतो. पाइपवायर परत सुरू करून रेकॉर्डिंग करून पाहा. कर्नल बांधताना एचडीए रीकॉन्फिगचा पर्याय चालू ठेवलेला असेल तरच या फाइली दिसतात.

यात कोडेकवर काहीही लिहिलं जात नाही. ड्रायव्हर नवी नोंद फक्त आपल्या मेमरीत ठेवतो, मशीन बंद करून चालू केलं की सगळं पूर्ववत. त्यामुळे निर्धास्त प्रयोग करा. फक्त मोठ्या आवाजात हेडफोन कानाला लावून नको.

हे हाताने करायचं नसेल तर एचडीएजॅकरीटास्क हा चित्रमय प्रोग्राम तेच करतो. त्यात न जोडलेल्या पिना दाखवण्याचा पर्याय आधी लावा, नाहीतर जी पिन हवी तीच लपलेली राहते. बूट ओव्हरराइडचं बटण दाबलं की तो दोन फाइली ठेवतो: फर्मवेअर फोल्डरमध्ये एचडीए-जॅक-रीटास्क.एफडब्ल्यू आणि मॉडप्रोब.डी मध्ये त्याच नावाची कॉन्फ. पहिल्या फाइलीत असं काहीसं असतं:

[कोडेक]
१०ईसी०२९५ (सबसिस्टम आयडी) ०

[पिनसीएफजी]
१९ ०१ए१९१३सी

कोडेक या मथळ्याखाली व्हेंडर आयडी, सबसिस्टम आयडी आणि कोडेकचा पत्ता. हे तिन्ही स्वतःच्या मशीनचेच हवेत; दुसऱ्याची फाइल जशीच्या तशी उचलली की ती गुपचूप दुर्लक्षिली जाते. आणखी दोन ठेचा ठरलेल्या. कॉन्फ फाइलीतला पॅच हा पर्याय, जो एफडब्ल्यू फाइलीचं नाव सांगतो, कार्डांच्या क्रमाने लागतो. एचडीएमआयचं कार्ड पहिलं आणि अॅनालॉग दुसरं असेल तर एकच नाव लिहून तुमची फाइल भलत्या कार्डाला जाते. म्हणूनच तो प्रोग्राम फाइलीचं नाव स्वल्पविराम देऊन चारदा लिहितो. दुसरी ठेच इनिटरॅमएफएसची, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइलप्रणालीची. साउंडचा ड्रायव्हर तिथूनच लोड होत असेल तर फाइलही तिथे हवी, म्हणजे इनिटरॅमएफएस नव्याने बांधा.

तिसरी अडचण मोठी आहे. नव्या इंटेल लॅपटॉपांत जिथे डिजिटल माइक थेट चिपसेटला जोडलेले असतात तिथे एसएनडी-एचडीए-इंटेल या नेहमीच्या ड्रायव्हरऐवजी सॉफचा (साउंड ओपन फर्मवेअरचा) ड्रायव्हर चालतो. पॅच हा पर्याय एसएनडी-एचडीए-इंटेलचा आहे, तो इथे लिहून काही होत नाही. एसएनडी-इंटेल-डीएसपीसीएफजी ला डीएसपी_ड्रायव्हर=१ देऊन जुना ड्रायव्हर लादता येतो, पण मग तेच डिजिटल माइक बंद पडतात. बाहेरचा माइक मिळवायला आतला घालवणं, सौदा परवडतो का ते तुम्ही ठरवा. रीकॉन्फिगने चाचणी करून तो बदल कर्नलमध्येच घालायला लावणं हे इथे शहाणपणाचं.

नोंद बरोबर, तरी आवाज नाही

गट आणि क्रम हे शेवटचे दोन अंक शोभेचे वाटतात, पण पार्सर (ड्रायव्हरचा नोंदी वाचणारा भाग) त्यांच्यावरच पिना लावतो. लाइन आउटच्या दोन पिनांचे गट वेगवेगळे असतील तर दुसरी पिन वगळली जाते आणि गट जुळत नसल्याची ओळ लॉगमध्ये येते. आतले दोन स्पीकर असतील तर एकाला ९०१७०११० आणि दुसऱ्याला ९०१७०१११ द्या, म्हणजे गट एक आणि क्रम वेगळा. बेस गायब असलेल्या लॅपटॉपांत बहुधा १७ ही पिनच मोकळी नोंदलेली असते.

ती जोडली की पुढचा घोळ सुरू. रिअलटेक २९५ सारख्या कोडेकमध्ये १७ ही पिन ०६ क्रमांकाच्या डॅकला जोडली जाऊ शकते, आणि त्या डॅकला आवाज कमीजास्त करायची सोय नाही. मग स्लायडर हलवला की छोटे स्पीकर ऐकतात, बेस मात्र पूर्ण आवाजात वाजत राहतो. यावर उपाय पिन नोंदीत नाही. ड्रायव्हरमध्ये त्या पिनेच्या जोडण्यांची यादी बदलून फक्त ०२ आणि ०३ ठेवावे लागतात, आणि कर्नलमध्ये यासाठी तयार फंक्शन आहे.

कॉम्बो जॅकचा माइक यादीत आला पण नुसती शांतता, अशीही वेळ येते. हेडसेटच्या प्लगवर जमीन (ग्राउंड) आणि माइक यांच्या जागा दोन पद्धतींनी असतात, आणि रिअलटेक चिप आतल्या कोइफिशंट रजिस्टरांतून, म्हणजे स्वतःच्या खास सेटिंग्जमधून, ते ओळखते व वळवते. पिन नोंदून ते काम होत नाही. डेल-हेडसेट-मल्टी किंवा हेडसेट-मोड यांसारखी मॉडेलं हेच जादाचं काम करतात. म्हणजे मॉडेलचा सल्ला अगदीच वाया नाही. तो कधी द्यायचा हे कळायला हवं.

विंडोजमधून रीस्टार्ट करून आलं की आवाज येतो आणि पूर्ण बंद करून चालू केलं की येत नाही, हे लक्षण दिसलं तर पिनांच्या मागे लागू नका. पिनांची नोंद दोन्ही वेळी तीच असते. विंडोजच्या ड्रायव्हरने कोइफिशंट किंवा अॅम्प्लिफायर जागा करून ठेवलेला असतो.

नव्या मशीनमध्ये स्पीकरआधी आयटूसी किंवा एसपीआयवर बसलेला स्मार्ट अॅम्प्लिफायर असतो, उदाहरणार्थ सिरसचा सीएस३५एल४१. त्याचं वर्णन एसीपीआयच्या टेबलांत, म्हणजे बायोसने कर्नलला दिलेल्या हार्डवेअरच्या माहितीत, हवं: अॅम्प्लिफायर किती, डावा कोणता, रीसेटची जीपीआयओ कितवी, बूस्टसाठी बाहेर किती इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स लावलाय. काही बायोसमध्ये हे वर्णनच नसतं. म्हणून कर्नलमध्ये सीएस३५एल४१ साठी वेगळी फाइल आहे, जिथे सबसिस्टम आयडीगणिक हे सगळं लिहिलंय. एखाद्या ओळीत १००० नॅनोहेन्री, ४५०० मिलिअँपिअर, २४ मायक्रोफॅरड असे आकडे सापडतील. शेजारच्या मॉडेलची ओळ चिकटवून बघू, हा पिनांपुरता खपणारा प्रयोग इथे करू नका. करंटची मर्यादा चुकीची गेली तर स्पीकर जळू शकतो.

कर्नलमध्ये घालताना

रिअलटेकचा सगळा कोड पूर्वी पॅच_रिअलटेक या एकाच अवाढव्य फाइलीत होता, ६.१७ पासून तो साउंड, एचडीए, कोडेक्स या फोल्डरखाली विभागला आहे. पिनांची दुरुस्ती म्हणजे फिक्सअपची एक नोंद, प्रकार एचडीए_फिक्सअप_पिन्स, आत पिन आणि नोंदीच्या जोड्या, शेवटी रिकामी जोडी. कोइफिशंटचं काम हवं असेल तर चेन्ड लावून दुसऱ्या फिक्सअपला साखळीने जोडायचं. ही दुरुस्ती प्री-प्रोब टप्प्यावर होते, कारण पार्सर एकदा पिना मोजून बसला की नोंद बदलून उपयोग नाही. नवी फिक्सअप लिहिण्याआधी तुमच्या पिनांना चालणारी जुनी शोधा. ती बहुधा असतेच, आणि मग पॅच एका ओळीचा होतो.

ही दुरुस्ती कुठल्या मशीनला लावायची, हा खरा निर्णय. सबसिस्टम आयडीने जुळवणं सगळ्यात सुरक्षित. हा पीसीआयचा सबसिस्टम आयडी दोन वेगळ्या मॉडेलांत सारखा निघाला तर कोडेकच्या आयडीने जुळवणारा मॅक्रो वापरा. तिसरी पद्धत पिन क्वर्कची: कोडेक, निर्माता आणि बायोसच्या चुकीच्या नोंदींचा संचच ओळखपत्र म्हणून वापरायचा. एकाच निर्मात्याची डझनभर मॉडेलं तीच चूक घेऊन येतात तेव्हा ही पद्धत झकास. पण संच अपुरा दिला की धडधाकट मशीनही त्या जाळ्यात सापडतात आणि त्यांचा चालू आवाज बंद पडतो. शंका असेल तर अरुंद जुळणी घ्या.

पॅचसोबत अल्सा-इन्फो या माहिती गोळा करणाऱ्या स्क्रिप्टचा अहवाल जोडा, दुरुस्तीशिवायचा. त्यातच मूळ पिन नोंदी असतात, आणि ताकाशी इवाई यांच्यासारख्या देखभाल करणाऱ्यांना तेवढ्यावर निर्णय करता येतो. टेबलात ओळ आयडीच्या चढत्या क्रमाने, योग्य जागी घाला.

नवा कर्नल आला आणि त्यात तुमची ओळ दिसली की स्वतःची एफडब्ल्यू आणि कॉन्फ फाइल काढून टाका, लागल्यास इनिटरॅमएफएस पुन्हा बांधा, आणि मगच तपासा. युजरची नोंद ड्रायव्हरच्या वर बसत असल्याने जुनी फाइल तशीच ठेवून केलेली चाचणी नव्या दुरुस्तीची नसतेच.